जाळीमागची भानू

९ नोव्हेंबर, रविवार

आज कमिटीसमोर मी जरा जास्तच बोलले, पण बोलले ते बरं झालं. योगेंद्र भैया आमच्या क्लबचे अध्यक्ष, या हिंदी मुलखातलेच. त्यांचं म्हणणं, गेल्या जानेवारीत सेमीफायनल हरलो तर या वेळी पोरींना नवे ड्रेस शिवू, जोश येईल. मी म्हटलं, ड्रेस बदलल्यानं दुर्वाचे बॉल सरळ जाणार आहेत का? दुर्वा आमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, सतरा वर्षांची. हातात जोर असा की बॅटवालीला बॉल दिसायच्या आत निघून जातो, पण कुठं जाईल ते दुर्वालाच माहीत नसतं. त्या सेमीफायनलमध्ये तिनं अकरा जणींना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. चार बॉल वाकडे पडले की समोरचीला चालत बेस मिळतो, हे योगेंद्र भैयांना दर वर्षी नव्यानं समजावावं लागतं. बेसबॉल क्लबचे अध्यक्ष!

मी खरं तेच सांगितलं. मी आयुष्यभर कॅचर होते, मला झेलणं शिकवता येतं, फेकणं नाही. पिचिंगला वेगळी कोच पाहिजे, आणि मला एकच बाई माहीत आहे. भानुमती. तीस वर्षांपूर्वी ती राज्याच्या टीमची पिचर होती आणि मी तिची कॅचर. तेव्हाच्या पेपरात तिचे फोटो यायचे, माझा फक्त पाठीचा. योगेंद्र भैया म्हणाले, वो तो स्टार थीं, हमारे यहाँ आएँगी? मग ठरलं की मानली तर जानेवारीच्या टूर्नामेंटपर्यंत ठेवायचं. फरक पडला तर पुढचं बोलू, नाही तर नमस्ते.

मी हो म्हणून आले खरी, पण भानू मानेल का कोण जाणे. लग्न होऊन सिहोऱ्याला गेली तेव्हापासून फोन मीच करायचा. आताशा तर मेसेज टाकला की उत्तरच नाही, दोन-दोन महिने. स्टार ना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सिहोऱ्याला जाऊन आले. बसमध्ये ठरवलं होतं की गोडीनं बोलायचं, पण दार उघडल्या उघडल्या मी तिला झापलं. म्हटलं, भाने, मी मेले की जिवंत आहे हे तरी विचारत जा. ती हसली आणि दारातच उभी राहिली, या-बस काही नाही. सून गीतांजली मागून आली, तिनं मला आत घेतलं.

भानू वाळली आहे. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली. सुनेच्या हातून किटली घेऊन चहा तिनंच ओतला, आणि ओतताना कपात बोट घालून. मी म्हटलं, शी, ही कोणती नवी सवय? म्हणते, गरम आहे का ते पाहून राहिली. साठी जवळ आली की माणूस असं विचित्र होतं का? माझंही होत असेल.

कामाचं सांगितलं. मग म्हणाली, "मले आता कोण ठेवते, लते?" मी म्हटलं, मी ठेवते. मग तिनं विचारलं, जाळीमागं बसून शिकवलं तर चालेल का. म्हटलं, तू झाडावर बसून शिकव. तेव्हा कुठं हो म्हणाली. निघताना गीतांजली रस्त्यापर्यंत सोडायला आली, काहीतरी सांगायचं होतं तिला. मावशी, एक गोष्ट, असं म्हणाली आणि तेवढ्यात आतून भानूची हाक आली. सासूच्या तक्रारी असणार. बरं झालं, मला ऐकायच्या नव्हत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. भानूचा मुलगा धनेश इथल्या बँकेत आहे, तो सकाळी ऑफिसआधी तिला गाडीनं मैदानावर आणून सोडणार. गाडीतून उतरवून, हात धरून खुर्चीपर्यंत. आईचे काय थाट आहेत.

पोरींनी तिच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की रांगेत उभ्या होत्या. बाई आली ती बॅटांच्या बॅगवर अडखळून पडता पडता वाचली. मी पोरींना ओरडले की बॅग मधे काहून ठेवली. बॅग नेहमीच्याच जागी होती, पण पहिल्या दिवशी तिची शोभा नको.

मी गेल्या वर्षीची स्कोअरबुकं आणली होती. ती हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि मला म्हणते, तू वाच. दीड तास मी वाचलं, घसा बसला. मग कॅचरच्या पाठीमागं जी जाळी असते तिच्यामागं खुर्ची टाकून बसली, डोळे मिटून, आणि दुर्वाला म्हणाली, टाक. दुर्वा टाकत राहिली. चाळीसेक बॉल झाले असतील, बाईनं एकदाही डोळा उघडला नाही. मला वाटलं झोपली. शेवटी म्हणाली, पोरी, तुझा पुढचा पाय हात सुटायच्या आधी आदळून राहिला, दर तिसऱ्या बॉलला. मी खास पाहिलं. खरंच दर तिसऱ्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज भानूशी भांडले. जगात सगळीकडे कॅचर दोन गुडघ्यांमध्ये बोटांच्या खुणा करते. एक बोट म्हणजे असा बॉल, दोन म्हणजे तसा, फक्त पिचरला दिसावं म्हणून. आमच्या भानूबाईंनी ते बंद केलं. चिन्मयीनं आता ओरडून सांगायचं. चिन्मयी आमची कॅचर, घरात मराठी असलेली. बॅटवालीच्या अंगाकडं टाकायचा तर 'अल्याड', लांब टाकायचा तर 'पल्याड', खाली गुडघ्यापाशी तर 'बुडाशी', आणि हळू तर 'दमानं'. मी म्हटलं, अगं समोरच्या बॅटवालीला कान नाहीत का? भानू म्हणते, कान आहेत, पण मराठी नाही ना. आपल्या आजूबाजूला सगळ्या हिंदीवाल्या टीमा, त्यांना बुडाशी म्हणजे काय कळणार?

मला पटलं नाही. दुर्वा घरात मराठी ऐकते पण बोलते हिंदीतच. ती म्हणाली, मॅडम, आवाज़ सुनती हूँ तो डर नहीं लगता. भानू म्हणाली, पहा, तिले कोणीतरी सोबत आहे असं वाटते. मी म्हटलं, मग बाकीच्या जगाला काहून नाही वाटत? तर म्हणते, लते, तू अजून तशीच खवचट आहेस, आणि असं हसली जणू मी बक्षीस दिलं.

प्रत्येक बॉल पडला की ती चिन्मयीला विचारते, कुठं आला? अगं, समोर तर पडला. स्वतः पाहायचं सोडून पोरीला कामाला लावते.

७ डिसेंबर, रविवार

पनागरच्या टीमशी मैत्रीची मॅच. जिंकलो, नऊ-दोन. दुर्वानं पूर्ण मॅचमध्ये दोघींना फुकट सोडलं. दोघींना! मी तीनदा मोजलं. चिन्मयी गळा फाडून 'पल्याड', 'बुडाशी' करत होती आणि पनागरच्या पोरी एकमेकींकडं पाहत होत्या. त्यांचे कोच मला म्हणाले, दीदी, ये कौन सा मंत्र पढ़ रही है लड़की? मी म्हटलं, घर का है.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला आणि थोडं पोटात दुखलंही. दहा वर्षं मी या पोरींच्या मागं आहे. त्या जिंकल्यावर धावत भानूकडं गेल्या, तिच्या गळ्यात पडल्या, आणि मी बॅटा गोळा केल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन गोष्टी, दोन्ही वाईट.

एक, प्रॅक्टिस संपली की दुर्वा आणि चिन्मयी रोज भानूला सिहोऱ्याच्या बसमध्ये बसवून येतात. एक इकडून हात धरते, एक तिकडून, कंडक्टरला सांगून येतात म्हणे. मला गेल्या वर्षी एकशे दोन ताप होता, तेव्हा माझी स्कूटी कोणी ढकलून दिली नाही.

दोन, विनताची तक्रार. विनता म्हणजे चिन्मयीची आई. ती भानूला रोज हात करते, नमस्ते करते, आणि भानू सरळ पुढं निघून जाते. योगेंद्र भैयांपर्यंत गेलं. ते म्हणाले, टैलेंट ठीक है, पर घमंड नहीं चलेगा, टूर्नामेंट के बाद सोचेंगे. म्हणजे आधीच विचार सुरू झाला. मी आणलेलं माणूस, मलाच ऐकावं लागतं. मी भानूला बाजूला घेऊन चांगलं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं, चुकलं म्हणाली, आणि गेली माफी मागायला. विनता उजवीकडं उभी असताना तिनं हात जोडले ते डावीकडच्या दूधवाल्या बाईला. मला वाटलं टोमणा मारून राहिली. काय माणूस आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज सुट्टी. दिनकरला मी भानूचं सगळं सांगत होते. आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून दुसऱ्याचं ऐकायला फार वेळ आहे. ऐकून झाल्यावर म्हणाले, लतिका, तुला काही वेगळं नाही वाटत तिच्यात? मी म्हटलं, वेगळं काय, आधीपासून अशीच आहे, मी-मी. ते म्हणाले, एकदा नीट पहा. मी म्हटलं, सव्वा महिना झाला, रोज तेच पाहून राहिली. त्यांनी पेपर उघडला. हे नेहमीचंच, अर्धं बोलायचं आणि पेपरात शिरायचं.

१० जानेवारी, शनिवार

टूर्नामेंट आपल्याच मैदानावर, त्यामुळं मंडपापासून पाण्याच्या ड्रमपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. सकाळी मझौलीच्या टीमला हरवलं, सात-एक. उद्या फायनल! योगेंद्र भैयांनी स्वतः भानूला हार घालायचा विचार बोलून दाखवला, म्हणाले फायनल निकल जाए तो भानुमती जी पक्की. मी तिला सांगितलं. तिनं माझा दंड घट्ट धरला.

फायनलला समोर अमरावतीचा पाहुणा संघ आहे. काय गोड पोरी! दुपारी जेवायला बसल्या होत्या आणि मागून आवाज आला, 'ओ मावशी, भाजीत तिखट हाय का जी?' माझं काळीजच हललं. इतक्या वर्षांत या मैदानावर मी परक्याच्या तोंडून आपली बोली ऐकली नव्हती. अर्धा तास त्यांच्यात बसले, घरून लोणचं मागवलं, कोण कुठली ते विचारलं. एकीचं आजोळ माझ्या माहेराजवळचं निघालं. एकदाचं कोणीतरी आपलं भेटलं.

११ जानेवारी, रविवार

हरलो. सहा-चार. पण ते नंतर.

पहिल्या इनिंगला चिन्मयी ओरडली 'बुडाशी', आणि अमरावतीची पोरगी आधीच वाकून उभी. ठोकला. 'पल्याड' म्हटलं तर दुसरी एक पाऊल पुढं सरकून उभी. ठोकला. पाच रन झाले तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मग त्यांच्या बाकावरून एक पोरगी हसत आपल्याच चिन्मयीला म्हणाली, ताई, जरा दमानं सांग ना, आमाले लिहून घ्यायचं हाय. तेव्हा कुठं उजेड पडला. काल अर्धा तास मी त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलत होते? लोणचं वाढताना मला एकदाही सुचलं नाही. भानू दिवसभर जाळीमागं होती, तिला त्या कुठल्या हेही कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी टाइम मागितला आणि जाळीमागं धावले. भानूला म्हटलं, ओरडणं बंद. चिन्मयी बोटं दाखवेल, दुर्वाला पुढून आणि आपल्याला पाठीमागं हात करून, एक म्हणजे अल्याड, दोन पल्याड, तीन बुडाशी, चार दमानं. तू इथून पाहा आणि चुकलं की सांग. ती जागची हलली नाही. मी म्हटलं, अगं, ऐकून राहिली ना?

"लते, मले बोटं दिसत नाही."

मी म्हटलं, ऊन आहे म्हणून?

"ऊन नाही. काचबिंदू आहे. दोन्ही डोळे. दीड वर्ष झालं. समोरचं थोडं धुकट दिसते, बाकी काही नाही. हळूहळू तेही जाईल."

अंपायर बोलावत होता. या बाईला मी काय काय बोलले, ते सगळं एकदम कानात वाजायला लागलं. पण पोरी बघत होत्या आणि पाच रन चढले होते. मी बादली पालथी घातली आणि तिच्या शेजारी बसले. म्हटलं, मी सांगते, तू ऐक.

मग मी सांगत राहिले. दोन बोटं. लांब गेला, बॅट हवेत. एक बोट. आत, थोडा वर. भानू ऐकायची, ग्लोव्हचा आवाज ऐकायची, आणि हळूच सांगायची की दुर्वाचा पाय घाई करून राहिला, किंवा चिन्मयी थकली, ग्लोव्ह खाली पडून राहिला. इनिंगच्या मधे मी ते पोरींपर्यंत पोचवायची. त्यानंतर अमरावतीला एकच रन मिळाला. आमच्या पोरींनी चार काढले. अजून दोन इनिंग असत्या तर.

मॅच संपल्यावर कळलं की दुर्वा आणि चिन्मयीला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. भानूनं त्यांना शपथ घातली होती, मला आणि आपापल्या घरी काही सांगायचं नाही. दिनकरला अंदाज होता. म्हणजे मी सोडून ज्यांनी ज्यांनी तिला नीट पाहिलं त्यांना कळलं. मागची पानं उलटून वाचायची माझी हिंमत नाही.

धनेश न्यायला आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की झालं, आता नाही येत मी. मला काही बोलता आलं नाही. मला! बोलता आलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

कमिटी. योगेंद्र भैयांना मीच सगळं सांगितलं, लपवून काय करायचं. ते हादरले. वाईट माणूस नाही तो. त्यांची भीती खरी होती, बॉल लागला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, ती जाळीच्या अलीकडं येणार नाही, आणि शेजारी मी बसणार, प्रत्येक दिवशी, प्रत्येक मॅचला. मग दोन्ही वर्षांची स्कोअरबुकं टेबलावर ठेवली. गेल्या वर्षी एका मॅचमध्ये अकरा, या वर्षी पूर्ण टूर्नामेंटमध्ये सात. ते पानांवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, जो देख नहीं पातीं, उन्होंने इतना देख लिया? एका वर्षासाठी पक्की केली. पत्र मीच लिहिलं, सही त्यांची. विनता बाहेर बसून ऐकत होती आणि रडत होती. तिला म्हटलं, तू रडू नको, रडायची पाळी माझी आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पत्र आणि तिळगुळाचा डबा घेऊन सिहोऱ्याला गेले. पूर्ण रस्ता मी वाक्यं जुळवत होते. आयुष्यात माफी मागायची सवय नाही, शब्द सापडत नव्हते.

भानू अंगणात उन्हात बसली होती. मी पत्र वाचून दाखवलं. 'दृष्टी अधू असली तरी' हे शब्द आले तिथं थांबले. ती म्हणाली, वाच, खरंच तर आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, मी नाही येत, लते. पोरी हरल्या त्या माझ्या लपवण्यानं हरल्या. मी म्हटलं, माझ्या लोणच्यानं हरल्या. ती हसली नाही.

मग मी विचारलंच. पोरींना सांगितलं, दिनकरला कळलं, बसच्या कंडक्टरला माहीत होतं. मला काहून नाही?

"घरात सगळे आता माझ्याशी हळू बोलतात," ती म्हणाली. "धनेश हळू बोलते, सून हळू बोलते. शेजारच्या बाया तर अशा बोलतात की जसं कोणी गेलं. तू आली आणि दारातच मले झापलं. मेसेजचं उत्तर काहून नाही देत म्हणून. दीड वर्षात कोणी माझ्याशी भांडलं नव्हतं, लते. तुले सांगितलं असतं तर तूही हळू बोलली असती. मग मी कुठं जाऊ?"

मला रडू आवरलं नाही. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं मला ढकललं. म्हणाली, हेच. हेच नको होतं मले. मी तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, तिळगूळ खाते, पण तू गोड बोलायचं नाही. आधी वचन दे, मग सोमवारी येते. मी वचन दिलं. गीतांजली दारात उभी राहून पदरानं डोळे टिपत होती. तिनं माझ्यासाठी बांधून दिलेल्या तिळाच्या वड्या मी तिथंच विसरून आले.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसातची प्रॅक्टिस. सात-पन्नास झाले तरी भानू नाही. मैदानावर धुकं, पोरी हात चोळत उभ्या, मी सारखी रस्त्याकडं बघत होते. नाही आली तर काय, हेच डोक्यात. शेवटी धनेशची गाडी दिसली. वाटेत चाक बसलं होतं म्हणे.

ती उतरली, धनेशनं हात धरला. पोरी सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मनातून वाटत होतं की जाऊन तिला धरावं, शाल नीट करावी, थंडी लागली का विचारावं.

मी म्हटलं, "ये, महाराणी. बावीस पोरी वीस मिनिटं थंडीत उभ्या आहेत तुझ्यासाठी. स्टार असशील तुझ्या घरी, इथं वेळेवर यायचं."

विनताच्या हातातला थर्मास पडता पडता राहिला. धनेश माझ्याकडं असा बघायला लागला की मारेल की काय. आणि भानूचा चेहरा उजळला. तीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, चाक काय मी फोडलं? तुह्यासारखं तोंड चाललं असतं तर त्याच्यातच हवा भरली असती. पोरी हसायला लागल्या.

मी तिला खुर्चीपर्यंत आणलं आणि शेजारी बादली पालथी घालून बसले. डोळे पुसायला तोंड दुसरीकडं केलं. तिला दिसत नाही हे माहीत असूनही केलं.

"नाक काहून ओढून राहिली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, सर्दी झाली आहे, तुझ्यामुळं. मग दुर्वाला हात केला की टाक पहिला बॉल, आणि भानूला सांगायला सुरुवात केली.